वरच्या खोलीची ऊब

मित्रांनो, तळघरात राहणाऱ्याची चौकशी फारशी कोणी करत नाही, म्हणून मीच सांगतो. मी एक जुना वाफेचा बॉयलर आहे. बफेलो शहरात, सरोवरावरून बोचरा वारा येतो त्या बाजूच्या एका लाकडी घराच्या तळाशी मी उभा आहे. मी ओतीव लोखंडाचा. माझे भाग एकेक करून जिन्यावरून खाली आणले आणि इथेच जोडले. आधी मी कोळसा खायचो, पुढे गॅसवर आलो. माझ्या पोटातल्या पाण्याची वाफ नळांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये जाते आणि घर उबदार होतं. ब्रोन्या या घरात नवी नवरी होऊन आली, तेव्हा रेडिएटरवर हात ठेवून म्हणाली होती, "अगं बाई, किती गोड ऊब आहे!" ते कौतुक मला अजून पुरतंय.

ब्रोन्या गेली. मागे राहिला तिचा नवरा झिग्मुंट. वरच्या खोलीत तिचं शिवणयंत्र आहे आणि खिडकीत तिने लावलेली जिरेनियमची झाडं. झिग्मुंट तिथेच झोपतो. पण ती खोली काही केल्या तापेना.

आता झिग्मुंटची गंमत ऐका. तो जन्मभर पोलादाच्या कारखान्यात, बॉयलरघरात राबला. दाब म्हणजे ताकद, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. माझ्या डोक्यावर एक करडी डबी आहे. वाफेचा दाब तिच्या काट्याने ठरवलेल्या खुणेपर्यंत चढला की ती माझी ज्योत विझवते. खोली गार लागली की हा खाली यायचा आणि डबीचा स्क्रू पिळून दाब आणखी चढवायचा. मित्रांनो, घरातल्या बॉयलरला दाब अगदी थोडा लागतो. तो जास्त झाला की वाफ पाण्याला ओढत धावते, नळ धडाधड आपटतात आणि रेडिएटरची हवा सोडणारी झडप बंदच राहते. आत हवा कोंडलेली, मग वाफेने जायचं कुठे? सगळ्यात लांबचा, वरच्या खोलीतला रेडिएटर उपाशी राहायचा. मी नळ आपटून आपटून सांगायचो. त्याला वाटायचं, म्हातारा उगाच कुरकुरतोय.

थंडी सुरू झाली तशी त्याची मुलगी हालिना आली.

"बाबा, इथे वाफ निघतेय ती फक्त तुमच्या तोंडातून! नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत ही खोली तापली नाही, तर तुम्ही माझ्याकडे यायचं. हे घर विकून टाकू."

"तुझ्या त्या काडेपेटीएवढ्या फ्लॅटमध्ये? आणि झाडं कुठे ठेवू, तुझ्या फ्रिजवर?"

"झाडं आधीच माना टाकायला लागलीत, बाबा."

झिग्मुंटने झाडं उचलून खाली स्वयंपाकघरात आणली. घर विकलं की नवा मालक मला भंगारात काढणार, हे मला ठाऊक होतं. पण मला जास्त वाईट वाटत होतं ते ब्रोन्याच्या खोलीचं.

त्यातच जुनी डबी बिघडली. मेकॅनिकने नवी बसवली आणि बजावलं, "आजोबा, हिचा स्क्रू उलटा फिरतो हं. काटा बघून फिरवा."

"मला शिकवू नकोस," म्हणून झिग्मुंटने त्याला वाटेला लावलं.

नाताळ तोंडावर आला. झिग्मुंट त्यांच्या मायदेशातल्या, करंज्यांसारख्या पिएरोगींसाठी पीठ मळत होता. थंडीने वैतागून तो तसाच पिठाच्या हातांनी खाली आला. चष्मा वरच राहिलेला. सवयीप्रमाणे त्याने स्क्रू पार शेवटपर्यंत पिळला आणि काटा थेट तळाला गेला.

काय सांगू, मित्रांनो! कित्येक वर्षांनी मी मोकळा श्वास घेतला. वाफ सावकाश वर चढली, वरच्या झडपेने फुस्स करून कोंडलेली हवा सोडली आणि तो उपाशी रेडिएटर या टोकापासून त्या टोकापर्यंत तापला.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी हालिना आली, ती कोट न काढताच वरच्या खोलीत गेली. खाली उतरली तेव्हा कोट तिच्या हातात होता.

"बाबा, काय जादू केलीत?"

"जादू कसली? दाब चढवला! मी सांगत होतो ना, दाब पाहिजे, दाब!"

ती बघायला तळघरात आली, डबीपाशी वाकली आणि हसत सुटली.

"बाबा, चष्मा घालून खाली या! काटा तळाला टेकलाय. दाब चढवला नाहीत, उतरवलात!"

झिग्मुंट चष्मा घालून खाली आला आणि त्याने काटा नीट पाहिला. त्याचे कान लाल झाले. "म्हणजे इतकी वर्षं मीच ह्याचा गळा आवळत होतो?"

"आणि हा बिचारा ओरडत होता."

तो तडक वर निघून गेला. मला वाटलं, रुसला. पण आकाशात पहिली चांदणी दिसली, वर बापलेकीची जेवायला बसायची वेळ झाली, आणि तो पुन्हा खाली आला. या संध्याकाळी त्यांच्यात पातळ पांढरी पोळी एकमेकांबरोबर मोडून खातात आणि झालं गेलं विसरतात. त्या पोळीचा एक तुकडा त्याने माझ्या डोक्यावर ठेवला.

"गावी आम्ही हा गुरांनाही देत असू," तो म्हणाला. "आज मुकी जनावरंसुद्धा बोलतात म्हणे. बोल लेका, तुला काय बोलायचंय ते बोल. आज ऐकतो."

मित्रांनो, त्याने परवानगी दिली म्हणून तर मी एवढं बोललो. माझं मागणं एकच आहे. तुमच्या घरातलं कुणी जुनं कुरकुरत असेल, मग ते यंत्र असो की माणूस, तर आणखी जोर लावण्याआधी जरा कान द्या.

घर विकायचा विषय हालिनाने पुन्हा काढला नाही. झाडं वरच्या खिडकीत परत गेली. ती ठेवताना झिग्मुंटने रेडिएटरवर हात टेकला आणि तो हळूच म्हणाला, "अगं ब्रोन्या, किती गोड ऊब आहे!"