खिडकीकडची ओळ

मुख्याध्यापिकांनी शिक्षकखोलीत तो कागद वाचून दाखवला, तेव्हा तिसरीच्या बाई घाबरल्याच. खरं तर कागदात घाबरण्यासारखं काही नव्हतं. विद्यापीठातले संशोधक आणि शाळा मिळून वर्षभर एक काम करणार होते. वर्गात मुलं काय प्रश्न विचारतात आणि त्या प्रश्नांचं पुढं काय होतं, एवढंच बघायचं होतं. त्यासाठी बाकांवर छोटे मायक्रोफोन लावायचे, तासांचं रेकॉर्डिंग करायचं आणि दर शनिवारी शिक्षक-संशोधकांनी एकत्र बसून त्यावर बोलायचं.

"कुणाची परीक्षा घेत नाहीयोत आपण," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "मुलांना जास्त कसं शिकता येईल, ते दोघांनी मिळून शोधायचंय. कुणाला आपलं एखादं रेकॉर्डिंग नको असेल, तर ते एकदा ऐकायचं आणि महिन्याच्या आत पुसायला सांगायचं. त्याचं कारण कुणी विचारणार नाही."

सगळ्यांनी सह्या केल्या. बाईंनीही केली. नाही म्हटलं असतं तर सगळ्यांच्या नजरा वळल्या असत्या, आणि गेली दोन वर्षं बाई नेमकं तेवढंच टाळत होत्या.

दोन वर्षांपूर्वी त्यांना जोराचा ताप आला होता. ताप उतरला, पण जाताना डावा कान घेऊन गेला. ह्या कानाची त्या कानाला खबर लागू न देणं म्हणजे काय, ते बाईंना तेव्हापासून कळलं होतं. नवऱ्याला सांगितलं नाही. "लग्नाला वीस वर्षं झाली की बायकोला नवऱ्याची हाक ऐकू येत नाही," असं तो पाहुण्यांना सांगायचा आणि बाईही सगळ्यांबरोबर हसायच्या. डॉक्टरकडे गेल्या नाहीत, कारण डॉक्टर कागदावर लिहून देतो. चित्रकलेच्या सरांची नजर अधू झाल्याचा असाच एक कागद आला होता. दुसऱ्या आठवड्यात सरांना भांडारात बसवलं. खडू आणि वह्या मोजता मोजता ते कधी निवृत्त झाले, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

बाईंना वर्गाशिवाय दुसरं काही येत नव्हतं. तसं त्यांनाच वाटायचं.

म्हणून त्यांनी युक्त्या शोधल्या. मुलांच्या ओठांकडे बघायचं. "परत सांग, सगळ्यांना ऐकू जाऊ दे," असं म्हणायचं. खिडकीच्या कोपऱ्यात उभं राहायचं, म्हणजे अख्खा वर्ग उजव्या कानाला येतो. पण यंदा त्या कोपऱ्यात प्रोजेक्टरचा मोठा पडदा बसवला गेला आणि टेबल दाराशी सरकलं. आता वर्ग डावीकडे आला होता आणि खिडकीकडची ओळ सगळ्यात लांब. निभावून नेऊ, असं बाईंनी स्वतःला बजावलं.

संशोधक म्हणून आलेली मुलगी तिशीच्या आतली होती. पाठीवर सॅक, गळ्यात हेडफोन, आणि बोलणं इतकं हळू की बाईंना तिच्या ओठांवरून नजर हलवता येईना. ती मागच्या बाकावर मुकाट बसायची. तिनं वहीत काही लिहिलं की बाईंचा खडू अडखळायचा.

पहिला शनिवार निभावला. दुसऱ्या शनिवारी मुलीनं भिंतीवर तिसरीच्या वर्गाचा नकाशा लावला. एका मुलाचं एक वर्तुळ. त्यात उत्तर मिळालेल्या प्रश्नांचे ठिपके हिरवे, उत्तर न मिळालेल्यांचे करडे.

बाईंनी एकेक ओळ बघितली. दाराकडची ओळ हिरवीगार होती. मधली ओळ हिरवी-करडी. आणि खिडकीकडची ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत करडी.

"काय हो, खिडकीकडच्यांवर राग काढता की काय?" चौथीचे सर हसत म्हणाले. "चांगलाच कानाडोळा केलाय!"

सगळे हसले. बाईंनाही हसावं लागलं.  मुलगी मात्र हसली नाही. "याचं कारण आपण दोघी मिळून शोधू," एवढंच ती म्हणाली. "सोमवारी शाळा सुटल्यावर बसूया?"

रविवार बाईंनी कसा काढला, त्यांचं त्यांना ठाऊक. भाजी करपली. नवऱ्यानं तीनदा विचारलं, "अगं, झालंय काय तुला?" आणि तिन्ही वेळा त्यांनी "कुठे काय" म्हटलं. सगळं पुसून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं. महिना उलटला नव्हता.

सोमवारी रिकाम्या वर्गात त्या मुलीसमोर बसल्या आणि एका दमात म्हणाल्या, "मला माझी सगळी रेकॉर्डिंग पुसायची आहेत."

मुलीचा चेहरा उतरला, पण तिनं कारण विचारलं नाही. "चालेल. नियमाप्रमाणे आधी एकदा ऐकावं लागेल. थोडंसंच ऐका." तिनं हेडफोन पुढे केला.

हेडफोनच्या डाव्या बाजूला काहीच नव्हतं. उजव्या बाजूला त्यांचा स्वतःचाच आवाज आला. भागाकाराचा तास होता. तेवीस गोट्या, चार मुलं, प्रत्येकाला पाच. मग अगदी जवळून एक बारीक आवाज आला.

"बाई, उरलेल्या तीनचं काय करायचं?"

ही मुंगी होती. खिडकीकडच्या ओळीतली, तिसऱ्या बाकावरची. अंगानं एवढीशी आणि सारखी काहीतरी खुडबुड करणारी, म्हणून वर्गानं तिचं नाव मुंगी पाडलं होतं. रेकॉर्डिंगमध्ये बाई पुढचं उदाहरण सांगत राहिल्या.

"बाई, त्या तीन कुणाला द्यायच्या?"

बाईंचा आवाज चालूच.

"बाई... बाई!"

मग कुजबुज झाली. "बाईंना मी आवडत नाही." शेजारची म्हणाली, "मग नको ना विचारूस."

त्यानंतर मुंगीच्या बाकावर नुसता पेन्सिलीचा आवाज होता.

बाईंनी हेडफोन काढला. मुंगीच्या प्रगतिपुस्तकात त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'वर्गात लक्ष नसते. प्रश्न विचारत नाही.' मुंगीच्या आईनं त्याखाली सही केली होती. घरी त्यावरून त्या पोरीला काय ऐकावं लागलं असेल?

"मला डाव्या कानानं ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या.

दोन वर्षांत पहिल्यांदाच हे वाक्य तोंडाबाहेर पडलं होतं. 

मुलीनं वही मिटली. मग म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्ही त्या मुलांना मुद्दाम टाळता. तसं लिहूनही ठेवलंय मी. चुकलंच माझं."

"आता तुम्ही हे सांगणार?"

"मी नाही सांगणार. ते तुमचं तुम्ही ठरवायचं. पुसायचं का?"

पुसलं असतं तर बाई सुटल्या असत्या. पण तो आवाज त्यांनी ऐकला होता.

"नको," त्या म्हणाल्या. "राहू दे."

मुख्याध्यापिकांच्या खोलीपर्यंतचा व्हरांडा चाळीस पावलांचा. दोनदा त्या माघारी वळल्या. भांडाराच्या बंद दाराकडे बघायचं नाही म्हणून नजर जमिनीवर ठेवली. आत गेल्या आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दोन वर्षं? दोन वर्षं मुलं तुमच्या भरवशावर होती बाई. एकदा सांगावंसं नाही वाटलं?"

"भीती वाटली."

"आणि आता?"

"आताही वाटतेय."

मुख्याध्यापिकांना राग आला होता आणि त्यांनी तो लपवला नाही. उद्याच कान तपासायचा, अहवाल वर पाठवावा लागेल, तिथं काय ठरेल ते आपल्या हातात नाही, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. तोवर वर्ग बाईंकडेच राहील, पण बाकं आधी हलवायची.

त्या संध्याकाळी बाईंनी आणि त्या मुलीनं बाकं ओढली. टेबल कुठं ठेवलं तर बाईंना किती ऐकू येतं, हे बघायला मुलगी प्रत्येक बाकावर जाऊन बसली आणि हळूच काहीबाही विचारत राहिली. ऐकू आलं की बाई हात वर करायच्या. नाही आलं की दोघी पुन्हा बाकं ओढायच्या. घरी गेल्यावर बाईंनी नवऱ्याला सांगितलं. तो उठून त्यांच्या उजव्या बाजूला येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गालाही सांगितलं. मुलांना त्याचं भारी नवल वाटलं. एकानं तर "बघू, बघू" म्हणत कानात डोकावूनही घेतलं. मधल्या सुट्टीत बाई मुंगीपाशी गेल्या. "तू विचारलेलं मला ऐकूच आलं नव्हतं गं. त्या उरलेल्या तीन..."

"मला माहितीये आता," मुंगी वहीकडे बघत म्हणाली. "आजीनं सांगितलं."

पुढं तीन आठवडे ती गप्पच होती. बाई रोज वाट बघायच्या. कार्यालयातून शिपाई पाकीट घेऊन येताना दिसला की त्या शिकवता शिकवता थांबायच्या. शेवटी पाकीट आलंच. कानाचं यंत्र लावून वर्षभर शिकवायचं, मग पुन्हा तपासणी. म्हणजे भीतीला वर्षभराची मुदतवाढ मिळाली होती.

त्याच दुपारी मुंगीचा हात वर गेला. बाईंच्या हातातला खडू थांबला. मागं बसलेली संशोधक मुलगीही ताठ झाली.

"बाई, मी पाणी प्यायला जाऊ?"

"जा," बाई म्हणाल्या. या वेळी पहिल्याच हाकेला ऐकू आलं होतं. चेहरा दिसू नये म्हणून त्या घाईघाईनं फळ्याकडे वळल्या.