‘कधीही या’ ऐकणारी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. हो, तीच, दातांच्या दवाखान्यातली! मला पाहिले की तुम्ही आईचा हात घट्ट धरता आणि मला त्याचा रागही येतो. मी कधी कुणाला चावले आहे का?

माझी उमेदीची वर्षे मुलुंडला गेली. तिथले वयस्कर डॉक्टर निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी मला आपली विद्यार्थिनी ऋता हिला देऊन टाकले. तिने दिंडोशीला नवा दवाखाना थाटला होता. माझ्यावर नवे रेक्झिन चढले. खुर्ची झकास दिसते, असे सगळे म्हणाले. पण बसायला कोणी येईना.

फोन मात्र दिवसभर वाजायचा. तो दवाखान्यातल्या मदतनीस प्रेमाताई घ्यायच्या. त्या कोकणातल्या, फार मायाळू. दाढ दुखते, डॉक्टर आहेत का, असे कोणी विचारले की त्या म्हणायच्या, “कधी पण येवा, दवाखानो तुमचोच आसा.” अमुक वाजता या म्हणणे त्यांना पाहुण्याला घड्याळ दाखवण्यासारखे वाटे. मी मनात चरफडत असे. अहो बाई, माझ्यावर चौकशी बसत नाही, माणूस बसतो!

असे सात महिने गेले. मग एका मोठ्या रुग्णालयाने ऋताला नोकरी देऊ केली. सोमवारी उत्तर द्यायचे होते. तिने हो म्हटले, तर दवाखाना बंद आणि मी भंगारात. या वयात मला कोण नेणार? मी खूप घाबरले होते.

शुक्रवारी सुजलेला गाल धरून काशीरामकाका आले. तीनदा फोन करूनही आला का नाहीत, असे ऋताने विचारले. काका ओशाळले.

“कधीही या म्हटलं ना, की मी उद्यावर ढकलतो. भीती वाटते गं. अकराला या म्हटलं असतं, तर गुपचूप आलो असतो.”

दारात उभ्या प्रेमाताईंनी ते ऐकले आणि त्यांचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने फोन वाजला. त्यांनी घसा साफ केला.

“उद्या सकाळी अकरा की सांजचे पाच? एक काय ता सांगा, मी लिवन ठेवतंय.”

मग पाच ठरले. प्रेमाताईंना इतका हुरूप आला की पूर्वी चौकशी केलेल्यांनाही त्यांनी एकेक करून फोन लावले. शनिवारी माझ्यावर सात जण बसले. पुढच्या आठवड्याच्या वेळाही भरत आल्या.

सोमवारी ऋताने रुग्णालयाला नकार कळवला. फोन ठेवून ती माझ्यावरच आडवी झाली आणि डोळे मिटून म्हणाली, “सुटले बाई.” तिच्याहून जास्त मी सुटले होते, पण ते तिला कसे सांगणार?

म्हणून तुम्हाला सांगते, मित्रांनो. घाबरलेल्या माणसाला नुसते ‘कधीही ये’ म्हणू नका. त्याला दिवस सांगा, वेळ सांगा, आणि त्या वेळी त्याची वाट पाहत दारात उभे राहा.