ऊब वगळून

माझा मुलगा उजेड गाळायचं काम करतो. आपण चहा गाळतो ना, तसा. पारदर्शक कागदावर धातूची इतकी बारीक जाळी उठवायची की ती डोळ्यांना दिसतच नाही. त्या जाळीच्या घरांचं माप बदललं की कुठला उजेड आत सोडायचा, कुठला गिळून टाकायचा आणि कुठला बाहेरच्या बाहेर पिटाळायचा, ते म्हणे आपल्या हातात येतं. हे त्याने मला एकदाच समजावलं, तेही मोबाईलवरची नजर न काढता. जन्मभर गणित शिकवलं मी, पण आईला काही कळत नाही हे आमच्या घरात केव्हाच ठरून गेलंय.

माझी साखर जुनी, त्यात पावलं बधिर होत चाललेली. डॉक्टरीणबाईंनी बजावलंच होतं, "आजी, गरम पाण्याची पिशवी पायांना लावायची नाही. भाजलं तरी तुम्हाला कळणार नाही आणि जखम भरणार नाही. पाय गमावून बसाल. थंडी वाजली तर खिडकीत उन्हाला बसा." तेव्हापासून माझी खुर्ची खिडकीत. दुपारचं ऊन गुडघ्यांवर आलं की जीव निवांत व्हायचा. दिवसभरात तेवढं एकच सुख होतं मला, खोटं कशाला बोलू?

थंडीच्या तोंडावर एक दिवस चिरंजीव माझ्या खोलीत अवतरले. एरवी दारातूनच "जेवलीस का?" विचारून पसार! मला बाहेर बसवलं आणि आतून दार लावून खिडकीची काच साफ केली. "किती मळली होती गं," म्हणाला. मी आपली खूश.

दुसऱ्या दिवसापासून ऊन पडायचं, पण लागायचं नाही. उजेड लख्ख, पेपरातली बारीक अक्षरं वाचता येतील असा. गुडघे मात्र गारच्या गार. आधी म्हटलं, हवाच गार पडली असेल. मग मनाने घेतलं, बधिरपणा वर चढला म्हणजे. पाय चालले माझे.

आणि नेमका तेव्हापासून मुलगा रोज संध्याकाळी येऊन विचारायला लागला, "आई, आज उजेड कसा होता? आणि ऊब?"

"उजेड भरपूर रे, ऊब कुठली लागायला! पाय गेले बहुतेक."

"अजिबात नाही? नक्की?" खुर्ची ओढून बसायचा, पुन्हा पुन्हा विचारायचा. त्याचा जीव कासावीस होतोय असं मला वाटायचं. इतक्या वर्षांनी पोरगं दोन शब्द बोलतंय म्हणून मीही अगदी मीठमसाला न लावता, नीट आठवून सांगायचे. काय बाई तरी माझा बावळटपणा!

शेवटी गारठा सोसवेना. मनात म्हटलं, जाणारेच आहेत पाय, तर जाईपर्यंत शेकून तरी घेऊ. मुलगा-सून कामावर गेली की पाणी तापवायचं, पिशवी भरायची आणि शालीखाली पायांवर घ्यायची. नडग्यांना इतकं बरं वाटायचं म्हणून सांगू! मग ऊनच तेवढं का लागत नाही, हे डोक्यात आलं नाही. खाली बोटं भाजत होती त्याचा पत्ता नव्हता. सुनेने एकदा मोजे काढले आणि किंचाळलीच. उजव्या पायाची दोन बोटं कापावी लागली.

इस्पितळात माझ्या उशाशी बसून सूनच रडत रडत बोलली. "आई, तुमच्या खिडकीला यांनी तो कागद लावलाय. उजेड आत, ऊब बाहेर. ज्याला काही माहीत नाही अशा माणसाला काय जाणवतं, ते हवं होतं यांना. मला कालच कळलं हो."

म्हणजे माझे पाय धडधाकट नव्हते, पण गेलेलेही नव्हते; ऊबच आत येत नव्हती. बोटांचं मला एवढं नाही लागलं. ती रोजची चौकशी आठवली आणि कुणी तोंडावर थुंकल्यासारखं झालं.

संध्याकाळी तो आला. बँडेजकडे बघेना. "सॉरी गं," म्हणाला आणि लगेच, "पिशवी कधीपासून घेत होतीस? नीट आठवून सांग. त्यानंतरची तुझी उत्तरं बाद होतील, पण आधीची तरी धरता येतील. सोमवारी सगळ्यांसमोर मांडायचंय. वर्षाची मेहनत आहे माझी."

पिशवी मी मागच्या आठवड्यातच कपाटातून बाहेर काढली होती. चांगलं आठवत होतं मला.

"पहिल्या दिवसापासून," मी म्हणाले. "तू काच पुसलीस ना, त्याच दिवसापासून."

"नक्की?"

"नक्की. रोज शेकत बसायचे आणि तुला खोटंच सांगायचे."

तो मटकन स्टुलावर बसला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. बोटं कापायला मला आत नेलं, तेव्हा यातला एक थेंब आला नव्हता. सून त्याला पाणी द्यायला उठली, तिचा हात मी धरून ठेवला.

"बस गं," म्हटलं. "रडू दे. मला बघू दे."