घोट्याची विचारपूस

अमेरिकेतल्या माणसाचा घोटा आतून कसा असतो, हे तृप्तीला तोंडपाठ होतं. ती नागपुरातल्या एका कंपनीत मेडिकल कोडर. तिकडचे सर्जन दुर्बीण घालून घोट्याचं ऑपरेशन करत, काय केलं ते लिहून पाठवत आणि तृप्ती त्यातल्या प्रत्येक कामाला ठरलेला नंबर लावी. त्या नंबरांवरून बिल बने. नंबर चुकला की तिकडचा विमावाला पैसे अडवून बसे. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं आणि हे तिलाही चांगलंच ठाऊक होतं.

नव्या पोरींना ती दोन गोष्टी बजावी. डॉक्टरनं लिहिलं नाही, ते झालंच नाही. आणि डॉक्टरला शंका विचारायची तर उत्तर प्रश्नातच घालून द्यायचं नाही. 'हाड घासलं ना?' म्हटलं की घाईतला डॉक्टर हो म्हणून मोकळा होतो. 'आत काय केलं?' एवढंच विचारायचं. या दुसऱ्या नियमापायी तिनं बऱ्याच पोरींना रडवलं होतं.

तिचे बाबा, गुलाबराव, चिखल्याच्या मॅंगनीजच्या खाणीतून निवृत्त झालेले. माणूस सोशिक आणि वर भिडस्त. कोणी आपुलकीनं विचारलं तर 'बरं हाय' सोडून दुसरं काही सांगणं त्यांना उद्धटपणाच वाटे. यंदा दिवाळीला ती घरी गेली आणि ते लंगडताना दिसले, तेव्हा तृप्तीनं त्यांना धरूनच भंडाऱ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरनं फोटो काढून घेतले, गोळ्या दिल्या आणि पुढच्या खेपेला ते फोटो पाहून दुर्बिणीचं ऑपरेशन सांगितलं. तृप्तीच्या कंपनीच्या विम्यात आईबाबाही होते, त्यामुळे ती निर्धास्त होती.

विम्यानं नकार दिला. डॉक्टरच्या कागदावर चक्क लिहिलं होतं, रुग्णाला सध्या त्रास नाही.

झालं होतं असं, की त्या दुसऱ्या खेपेला तृप्ती बाहेर गाडी लावत असताना डॉक्टरनं हसतमुखानं विचारलं, गोळ्यांनी बरं वाटतंय ना काका? इतक्या मायेनं विचारणाऱ्याचं मन कोण मोडणार? बाबा हो म्हणाले. तृप्ती भडकली खरी, पण विम्यावाल्याला शिव्या घालायचीही सोय नव्हती. तोच कागद तिच्यापुढे आला असता तर तिनंही तेच केलं असतं.

मग ती बाबांना घेऊन पुन्हा गेली. वाटेत तिनं त्यांची उजळणी करून घेतली, खरं ते सांगायचं, लाजायचं नाही. दारातच डॉक्टर म्हणाले, "या काका, आता तर बरं..."

"डॉक्टर, तसं नको," तृप्ती म्हणाली. "काय होते, एवढंच विचारा."

डॉक्टरांनी तसं विचारलं. बाबांनी एकदा तृप्तीकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"खानीत होतो तवापासून हाय," ते म्हणाले. "पायरी उतरताना घोट्यात काच रुतल्यावानी होते. रातचा ठनकते, झोप नाही येत. विहारात वंदनेले खाली बसनं सोडलं म्या. मागं उभा रायतो."

डॉक्टर लिहीत गेले. तृप्तीला खरं तर आनंद व्हायला हवा होता, केस पक्की झाली होती. पण विहारात बाबा मागे उभे राहतात, हे तिनं कितीदा पाहिलं होतं आणि त्यांना पुढे यायला सांगून वर रागावलीही होती.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "बाबा, रोज संध्याकाळी फोन होते आपला. मले काहून नाही सांगितलं?"

"तू रोज विचारे, बरे आहा ना बाबा?" ते म्हणाले. "तुले नाही कसं म्हनू?"

नियम तिचाच होता.

या वेळी मंजुरी आली आणि ऑपरेशन नीट पार पडलं. बाबा घरी गेले त्या संध्याकाळी तिनं फोन लावला. ओठांवर आलेलं 'बरे' तिनं कष्टानं गिळलं आणि पाय काय म्हणतो, असं विचारलं. बाबा बोलायला लागले. टाके खाजतात, काठी टोचते, आईची बिनमिठाची खिचडी घशाखाली उतरत नाही. इतकं बोलणारे बाबा तिला नवे होते. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते.

शेवटी त्यांनी विचारलं, "आन् तू? बरी हायेस ना माय?"

दिवसभर स्क्रीनपुढे बसून तिची मान आखडली होती, उजव्या हाताला महिनाभर मुंग्या येत होत्या. मानेखालची गरम पाण्याची पिशवी सरकवत तृप्ती म्हणाली, "हो बाबा. बरी आहो."