प्लंबरच्या हातचा पडद्याचा रॉड

माझा नवरा प्लंबर आहे. आपल्या हातचा जोड कधी गळत नाही याचा त्याला इतका अभिमान, की जेवतानाही तो तेच सांगतो. मी शर्ट शिवते. माझे शर्ट कधी उसवत नाहीत, पण ते मला कुणी विचारत नाही.

त्याची मोठी बहीण आमच्याकडे राहायला आली होती. ती नर्स, कायम रात्रपाळीची. सकाळी थकून यायची आणि तिच्या खोलीची भलीमोठी खिडकी नेमकी पूर्वेला. बिचारी तोंडावर टॉवेल टाकून या कुशीवरून त्या कुशीवर होत राहायची. शेवटी एकदा ड्यूटीवरच तिला डुलकी लागली आणि मोठ्या सिस्टरांनी तिला फैलावर घेतलं. त्या दिवशी घरी येऊन तिने सांगून टाकलं, की रविवारी ती हॉस्पिटलच्या हॉस्टेलवर जाणार. तिथल्या खोल्या अंधाऱ्या आहेत म्हणे.

मला रडूच आलं. ताई आल्यापासून या घरात माझं ऐकून घेणारं कुणीतरी होतं. नवरा चांगला आहे, पण त्याच्याशी बोलायचं तर विषय पाइपचाच काढावा लागतो. ताई जायला नको होती मला.

मग पडदा करायचं ठरलं. दुकानातले रॉड पाहून आलो. एक तर महाग, वर जाड कापड टाकलं तर वाकतील असे. नवरा म्हणाला, रॉड मी घरीच करतो. कुठल्याशा कामावरून उरलेला लोखंडी पाइप पलंगाखाली लोळत पडला होता. ताई ड्यूटीवर गेल्यावर त्याने तो पॉलिश पेपरने घासला, काळा रंग दिला, दोन्ही टोकांना एल्बो, म्हणजे कोपऱ्याचे जोड, लावून ती भिंतीकडे वळवली. भिंत भुसभुशीत, म्हणून ती टोकं सिमेंटात बसवली. मी तोवर अस्तर लावून जाड निळा पडदा शिवला आणि रॉड ओवायला वर ऐसपैस नेफा ठेवला.

सकाळपर्यंत सिमेंट घट्ट झालं होतं. नवरा पडदा घेऊन स्टुलावर चढला. पाइपचं टोक शोधायला आधी डावीकडे वाकला, मग स्टूल सरकवून उजवीकडे. मग नुसताच उभा राहिला.

"आधी पडदा ओवायचा होता," तो म्हणाला.

जन्मभर या भिंतीतून त्या भिंतीत पाइप नेलेला माणूस. त्याच्या पाइपला मोकळं टोक असतंच कुठे? जोडांना त्याने टेप गुंडाळून, सफेदा लावून ते पक्के केले होते. त्यातून पाणी सोडलं असतं तर थेंब गळला नसता. पडदा मात्र जाणार नव्हता.

मला हसू येत होतं, पण ताई यायची वेळ झाली होती. तो लोखंड कापायची करवत शोधायला लागला, चेहरा असा की स्वतःचं बोटच कापायला निघालाय. मी म्हटलं, राहू दे, हे काम आता शिंपिणीचं. नेफ्याची शिवण सरसर उसवली, शर्टाच्या पट्टीला करते तशी काजं केली आणि डब्यात सापडली ती बटणं लावली. पांढरी, तपकिरी, एक सोनेरीसुद्धा. पडद्याची कड पाइपवरून अलीकडे घेऊन नवरा एकेक बटण लावत होता, तेवढ्यात ताई दारात उभी.

पडद्याला शर्ट का घातलाय, तिने विचारलं. मी सगळं सांगितलं, थोडं तिखटमीठ लावून. ती पलंगावर बसली आणि हसत सुटली. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना. नवरा गंभीरपणे म्हणत होता, जोड तरी बघ, किती सफाईदार आलेत. त्यावर आम्ही दोघी पुन्हा सुटलो.

शेवटचं बटण लागलं आणि खोलीत अंधार झाला. दार ओढून घेतलं. आवाज नको म्हणून त्या दिवशी मी मशीनला हात लावला नाही, शर्टांची सगळी शिलाई हाताने केली. नवरा दुपारी जेवायला आला तो चपला हातात घेऊन. आम्ही दाराला कान लावला. आत ताई घोरत होती, आणि माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी ती बाहेर आली, केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. सकाळ आहे की संध्याकाळ, हे आधी मला विचारून घेतलं. मग स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला आणि साखर घालता घालता म्हणाली, "हॉस्टेलला नको म्हणून कळवते गं. आणि घरातलं माझ्या वाट्याचं काम काय, ते आजच ठरवू. पाहुणी म्हणून पुष्कळ राहिले."

मी जाऊन तिला घट्ट मिठी मारली. तिच्या हातातल्या चमच्यातली साखर माझ्या पाठीवर सांडली.