शेवटचं पान नसलेलं कॉमिक

बाबांच्या सलूनमधल्या एकाही कॉमिकला शेवटचं पान नव्हतं. दाढी करताना वस्तऱ्यावरचा फेस पुसायला त्यांना कागद लागायचा, आणि हात लांब केला की बाकावरचं कॉमिकच हाताशी यायचं. मी आणि दादा बोंब ठोकायचो. बाबा म्हणायचे, "पुढचं तुम्ही ठरवा. डोकं काय नुसतं केस उगवायला दिलंय?"

मग मी ठरवायचे. माझं लाडकं कॉमिक समुद्री चाच्यांनी पळवलेल्या एका मुलीचं. आमच्या प्रतीत ती दोर तोडते, जहाजाचं सुकाणू हातात घेते, समोर वादळ, आणि संपलं. पुढे काय? काय म्हणजे काय! ती जहाज हाकते, चाच्यांना डेक घासायला लावते आणि जन्मभर कुणाच्या बापाला भीत नाही. तेव्हापासून दादा मला कप्तान म्हणून चिडवतो.

बाबा गेल्यावर वस्तरा मी हातात घेतला. बाईच्या हातून दाढी म्हटल्यावर निम्मी गिऱ्हाइकं पळाली, त्यातली बरीचशी गुपचूप परत आली. या रस्त्यावर माझ्याइतकी गुळगुळीत दाढी कुणी करत नाही. दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगते.

काल दादा आला. त्याला सलून बंद करायचंय.

"लोक विचारतात, बहीण काय करते. तुझ्या वहिनीनं काय सांगायचं?"

"दाढ्या करते म्हणून सांगायचं."

त्यानं पिशवीतून तेच कॉमिक काढलं. जुन्या पुस्तकांच्या गाडीवर अख्खी प्रत मिळाली म्हणे. "शेवट वाच, कप्तान." त्याचं हसू बघूनच मी ओळखायला हवं होतं.

खुर्चीत मास्तर बसले होते, एक गाल साफ, एक फेसाचा. त्यांना तसंच ठेवून मी उभ्या उभ्या वाचत सुटले. तीच चित्रं, तेच दोर, तेच वादळ. शेवटच्या पानावर कुठून तरी एक देखणा गडी उडी मारून येतो, तिच्या हातातून सुकाणू काढून घेतो, आणि ती मान खाली घालून म्हणते, 'चुकले. आता मी घरीच राहीन.'

ज्या शेवटाच्या भरवशावर मी इथवर आले, तो कुणी छापलाच नव्हता.

"बघितलंस? तीसुद्धा घरी गेली," दादा म्हणाला. "आता तू पण हट्ट सोड. कुलूप लाव."

डोक्यात अशी तिडीक गेली! मी ते पान टर्रकन फाडलं.

"अगं, पूर्ण प्रत होती ती! कुठे मिळत नाही!"

"आत्ता झाली पूर्ण."

पान आरशाखालच्या फळीवर पसरलं आणि मास्तरांच्या दुसऱ्या गालावरून वस्तरा फिरवला. पहिला फेस त्या देखण्या गड्याच्या तोंडावर पुसला. मास्तर आरशात खुदकन हसले.

"हलू नका, मास्तर, कापेल," मी म्हटलं. मग दादाकडे वळले. "तुझीही वाढलीय की रे. बस बाकावर, नंबर आला की हाक मारते."