लेखात वारलेली आई

आमच्या ह्यांचं घरचं नाव अभिमन, पण छापायच्या वेळी ते अभिमन्यू होतात. धुळ्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवतात, कविता करतात, ललित लेख लिहितात आणि दरवर्षी दिवाळी अंक काढतात. संपादक म्हणून स्वतःचं लिखाण त्यांनी आजवर कधी साभार परत केलेलं नाही.

चौऱ्याऐंशीच्या अंकात त्यांनी आईवर लेख लिहिला. सोनगीरचं घर, भुरी शेळी, चुलीचा धूर आणि शेवटी आई ह्यांच्या मांडीवर डोकं ठेवून जीव सोडते. वाचणाऱ्यांनी रडून रडून पत्रं पाठवली. आमच्या सासूबाई, भिकुबाई, तेव्हा सोनगीरला अगदी खणखणीत होत्या आणि त्याच भुरीला पाला घालत होत्या.

"अहो, जिवंत बाईला मारलंत कशाला?" मी विचारलं.

"लेखाला शेवट हवा होता," म्हणाले.

वर तोंड करून म्हणाले, हे विशेष. पुढे जळगावला ह्याच लेखावर व्याख्यानं झाली. मरणाची जागा आली की ह्यांचा गळा दर वेळी बरोबर दाटून यायचा. लेख शाळेच्या पुस्तकात गेला तेव्हा गल्लीभर पेढे वाटले. सोनगीरला एक धाडला नाही.

एक्याण्णवला आई अंगणात पडल्या, खुबा मोडला. ऑपरेशन झाल्यावर मी त्यांना सरळ धुळ्याला घरी आणलं. ह्यांचं तोंड उतरलं, पण ते काही आईच्या दुखण्याने नाही. येणारे-जाणारे काय म्हणतील, ही धास्ती. "कोणी विचारलं तर मावशी म्हणायचं," मला बजावलं. आईंना हे कोणत्या तोंडाने सांगणार?

त्या बिचाऱ्या खुशीत होत्या. प्रोफेसरची आई म्हणून चार माणसांत बसावं, एवढीच त्यांची हौस. पण बाहेर कोणी आलं की हे आतलं दार लोटून घ्यायचे. "मना आंडोर माले कोनले दखाडत नही," त्या म्हणायच्या. आंडोर म्हणजे लेक, आमचे हे. मला ह्यांची किळस यायची.

एका रविवारी पारोळ्याच्या शाळेतल्या बाई मुलींना घेऊन लेखकाला भेटायला आल्या. रईसा नावाच्या मुलीने लेखाचा शेवट तोंडपाठ म्हणून दाखवला. म्हणता म्हणता तिला हुंदका आला. हे डोळे मिटून, मान डोलवत ऐकत होते. स्वतःच्याच लेखाला!

आतून आईंनी मला हाक मारली.

"सोनगीर, भुरी... वं बाई, हाई ते मनं घर शे. मी कवय मरनू?"

"चौऱ्याऐंशीला," मी म्हणाले. इतका संताप झाला होता की खोटं सुचलंच नाही.

त्या खाटेवरून उठल्या. मग भिंतीला धरत धरत बाहेर आल्या. रईसाने उठून त्यांना जागा दिली.

"आजी, तुम्ही सरांच्या कोण?"

"मावशी!" हे घाईघाईने म्हणाले. "आईची धाकटी बहीण."

आईंनी ह्यांच्याकडे पाहिलं. आता कानफटात बसते, असं मला वाटलं. बसायलाच हवी होती. पण त्यांनी रईसाच्या डोक्यावर हात ठेवला.

"मनी बहीण मोठी नशीबवान व्हती वं बेटा. मरतांना तिना आंडोर तिनाजोडे व्हता."

मुली खाली बघायला लागल्या. त्यांच्या बाईंनी पदर डोळ्याला लावला. आणि आमच्या ह्यांनी काय करावं? खिशातलं पेन काढलं आणि ते वाक्य टिपून घ्यायला लागले.

"तो काय लिखस वं?" आईंनी मला विचारलं.

"तुम्हालाच, आई," मी सगळ्या पोरींदेखत मोठ्याने म्हणाले. "ह्यांना अजून एक लेख सुचलाय. तुम्हाला परत मारताहेत."